जिवंत पेशीचा सांगाडा कॅमेऱ्यात कसा पकडतात? फ्लुओरेसंट इमेजिंगची सविस्तर माहिती

रील्स सरकवता सरकवता कधी ना कधी तुमच्यासमोर असा व्हिडिओ आला असेल. मागे काळाकुट्ट पडदा, त्यावर हिरव्या धाग्यांचं जाळं. धागे वाढतायत, मध्येच गायब होतायत आणि अख्खी पेशी गोगलगायीसारखी पुढे सरकतेय. खाली कमेंट्समध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात: "हे खरं आहे की ॲनिमेशन?" आणि "पेशी आतून खरंच अशी चमकते का?"

थोडक्यात उत्तर देतो. व्हिडिओ बहुतेक वेळा खरा असतो. चमक मुद्दाम आणलेली असते. रंग कॉम्प्युटरने भरलेला असतो. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट कमेंट्समध्ये कोणी विचारत नाही. ज्या प्रकाशामुळे तो धागा दिसतो, तोच प्रकाश पेशीला हळूहळू इजा करत असतो. आणि ज्या खुणेमुळे धागा चमकतो, ती खूणच त्या धाग्याचं वागणं बदलू शकते.

कोडिंग करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रोग्राममध्ये बग आहे, तो शोधायला आपण मध्ये एक प्रिंटची ओळ टाकतो, आणि बग गायब! ओळ काढली की परत हजर. म्हणजे बघण्यासाठी जे केलं, त्यानेच बघायची गोष्ट बदलली. जिवंत पेशीच्या इमेजिंगमध्ये हे रोजचं आहे. म्हणून या लेखात तंत्र तर समजून घेऊच, पण त्या फोटोवर विश्वास कधी आणि किती ठेवायचा, तेही बघू.

सायटोस्केलेटन म्हणजे काय?

मराठीत याला पेशीकंकाल म्हणतात, म्हणजे पेशीचा सांगाडा. नाव थोडं फसवं आहे. सांगाडा म्हटलं की शाळेच्या लॅबमध्ये टांगलेली हाडं डोळ्यासमोर येतात, एकदा बनली की बनली. पेशीचा सांगाडा तसा नसतो. तो इमारतीच्या परांचीसारखा असतो. गरज असेल तिथे बांबू बांधायचे, काम झालं की सोडायचे, तेच बांबू दुसऱ्या भिंतीला लावायचे. फरक इतकाच की पेशीमध्ये ही बांधाबांध काही सेकंदांत आणि मिनिटांत चालते.

यात तीन प्रकारचे धागे असतात. सगळ्यात बारीक ॲक्टिन, जाडी साधारण ७ नॅनोमीटर. पेशीची कड पुढे ढकलणं, स्नायू आकसणं, पेशी विभागताना मधोमध आवळली जाणं, ही ॲक्टिनची कामं. सगळ्यात जाड मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनलेली पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. केस ८० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या रुंदीत अशा तीन हजारांहून जास्त नळ्या शेजारी शेजारी मावतील. तिसरे मधल्या जाडीचे, इंटरमीडिएट फिलामेंट. केस आणि नखं ज्याची बनतात ते केराटिन याच कुटुंबातलं. हे मुख्यतः मजबुतीसाठी असतात, त्यामुळे व्हिडिओत फारसे चमकत नाहीत.

मायक्रोट्यूब्यूल म्हणजे पेशीतला हायवेसुद्धा. कायनेसिन नावाचं प्रथिन त्यावरून माल ओढत अक्षरशः पावलं टाकत जातं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं आणि वेग सेकंदाला साधारण ०.८ मायक्रॉन. कंबरेजवळून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा धागा सुमारे एक मीटर लांब असतो. या वेगाने न थांबता चाललं तरी तिथे पोचायला चौदा दिवसांच्या वर लागतात. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्ये या वाहतुकीवर आणि मायक्रोट्यूब्यूलवर संशोधन झालेलं आहे.

आता मुख्य प्रश्न. हे सगळं *जिवंत* पेशीतच का बघायचं? मेलेल्या पेशीचा फोटो का चालत नाही? १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी एक विचित्र गोष्ट मांडली. मायक्रोट्यूब्यूल शांतपणे वाढत असते आणि अचानक, काही कारण न दिसता, भराभर कोसळायला लागते. तिच्या शेजारची मात्र त्याच वेळी आरामात वाढत असते. दोन वर्षांनी जपानी संशोधकांनी ते वाढणं आणि कोसळणं मायक्रोस्कोपखाली प्रत्यक्ष बघितलं. एका स्थिर फोटोत हे कधीच कळणार नाही. दादर स्टेशनचा एक फोटो दाखवून, यातली कोणती लोकल येतेय आणि कोणती जातेय, असं विचारल्यासारखं होईल ते.

हा नुसता पुस्तकी विषय नाही. कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध, म्हणजे टॅक्सॉल, या नळ्यांना घट्ट करून टाकतं. त्या कोसळू शकत नाहीत, त्यामुळे पेशीला नीट विभागता येत नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये बीजाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. याच्या उलट काम करणारं रसायन कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत असतं. तिच्यातलं कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळी बनूच देत नाही. १९६०च्या दशकात ट्युब्युलिन सापडलं तेच मुळी "कोल्चिसिन पेशीत नेमकं कशाला चिकटतं?" हे शोधताना. गाउटवर हे रसायन औषध म्हणून ठरावीक मात्रेत देतात. पण कळलावी स्वतः जीवघेणी विषारी आहे, तेव्हा घरगुती प्रयोग अजिबात नकोत.

साध्या मायक्रोस्कोपने का दिसत नाही?

दोन अडचणी आहेत. पहिली, पेशी जवळजवळ पारदर्शक असते. पाण्यात काचेचा धागा शोधण्यासारखं आहे ते. दुसरी, प्रकाश हा लहरींचा बनलेला असल्यामुळे लेन्स कितीही महाग घेतली, तरी साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. ही मर्यादा अर्न्स्ट अबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. मेगापिक्सेल वाढवून ती मोडत नाही. मोबाईलवर "१०० एक्स झूम" लिहिलेलं असलं, तरी ठरावीक टप्प्यानंतर नुसता धूसरपणाच मोठा होतो, तसंच.

मग २५ नॅनोमीटरची नळी दिसते कशी? रात्री लांबच्या डोंगरावर कोणी टॉर्च लावली तर आपल्याला ती दिसते की नाही? टॉर्चची काच किती इंचांची आहे ते कळत नाही, पण "तिथे काहीतरी आहे" हे नक्की कळतं, कारण आजूबाजूला अंधार आहे. फ्लुओरेसंट इमेजिंगचा मूळ मुद्दा हाच. धागा स्वतः चमकला आणि बाकी सगळं काळं राहिलं, तर तो दिसतो. फक्त तो खऱ्यापेक्षा साधारण दहापट जाड दिसतो. रीलमधली ती जाडजूड हिरवी दोरी म्हणजे खरं तर एका बारीक नळीचा पसरलेला उजेड असतो, किंवा एकमेकींना खेटून असलेल्या दहा नळ्यांचा. नुसतं बघून यातलं काय ते सांगता येत नाही.

ही चमक येते कुठून?

घरातच बघा. हळद थोड्या तेलात कालवा आणि नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली अंधारात धरा. ती पिवळसर हिरवी उजळते. (टॉर्चमध्ये थेट बघू नका.) हळदीतलं करक्युमिन जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषून घेतं आणि थोडी ऊर्जा वाटेत गमावून कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकतं. हीच प्रतिदीप्ती. आपल्या नोटांवरचे नंबर यूव्हीखाली चमकतात तेही यामुळेच. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. लाईट बंद केल्यावरही छतावर चमकत राहणारे "रेडियमचे" तारे मात्र वेगळे. ते प्रकाश साठवून सावकाश सोडतात. प्रतिदीप्ती टॉर्च बंद केली की लगेच थांबते.

मायक्रोस्कोपमध्ये ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर आत सोडतात आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश बाहेर येतो. मध्ये एक खास आरसा असतो, जो निळ्याला पेशीकडे वळवतो आणि हिरव्याला आरपार जाऊ देतो. त्यानंतर एक फिल्टर उरलासुरला निळा अडवतो. कॅमेऱ्यापर्यंत फक्त हिरवा पोचतो, म्हणून मागचा पडदा इतका काळा.

पेशीतल्या एका ठरावीक धाग्याला खूण कशी लावायची?

खरी गंमत आणि खरी डोकेदुखी इथेच आहे.

१९७४ मध्ये एलिआस लाझारिडेस आणि क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला आणि पेशीतल्या ॲक्टिनचं जाळं दाखवलं. चित्र सुंदर आलं, पण पेशी मेलेली. अँटिबॉडी आत जावी म्हणून आधी पेशी रसायनाने "फिक्स" करून तिला भोकं पाडावी लागतात. फॅलॉइडिनचंही तेच. हे रसायन डेथ कॅप नावाच्या जीवघेण्या अळंबीतलं. ॲक्टिनला ते इतकं छान चिकटतं की आजही फिक्स केलेल्या पेशींसाठी सर्रास वापरतात. जिवंत पेशीत ते सहज शिरत नाही, आणि शिरलंच तर ॲक्टिनला असं जखडतं की धागा सुटूच शकत नाही. परांची चमकली, पण तिचे सगळे बांबू वेल्डिंग करून टाकले, असा प्रकार.

१९७८ मध्ये लान्सिंग टेलर आणि यू-ली वांग यांनी वेगळा रस्ता घेतला. ॲक्टिन बाहेर काढायचं, त्याला रंग जोडायचा आणि बारीक सुईने ते जिवंत पेशीत परत सोडायचं. पेशी ते आपलंच समजून धाग्यांत वापरते. पण एकेका पेशीला सुई टोचणं किती जिकिरीचं असेल, विचार करा.

चित्र पालटलं ते जेलीफिशमुळे. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केल्याची नोंद केली. तेच जीएफपी. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जीन वेगळा केला. पुढच्या कामाला पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी तो जीन मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकला. चॅल्फी यांनी १९९४ मध्ये दाखवलं की हा जीन दुसऱ्या जिवात टाकला तरी प्रथिन चमकतं. त्सिएन यांनी त्याला जास्त उजळ बनवलं आणि वेगवेगळे रंग दिले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर त्या वेळी अलाबामात एका कार डीलरची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने समारंभाला नेलं, आणि पुढे काही काळ ते त्सिएन यांच्या लॅबमध्ये कामालाही होते. तरी ही गोष्ट वाचली की मला दर वेळी चुटपुट लागते.

जीएफपीची जादू अशी की आता पेशीला बाहेरून रंग द्यावा लागत नाही. ॲक्टिनच्या जीनला जीएफपीचा जीन जोडायचा, म्हणजे पेशी स्वतःच चमकणारं ॲक्टिन बनवते. दोन फंक्शन जोडून एक केल्यासारखं.

पण साइज बघा. ॲक्टिन ३७५ अमिनो आम्लांचं आणि जीएफपी २३८ चं. म्हणजे माणसाच्या पाठीवर त्याच्या अर्ध्याहून जास्त वजनाची सॅक. तो चालेल, पण लोकलमध्ये चढताना अडकेल. आणि तसंच होतं! यीस्ट पेशी विभागताना मधोमध ॲक्टिनची कडी बनते. ते धागे विणणारं फॉर्मिन हे प्रथिन जीएफपी लावलेलं ॲक्टिन आत घेतच नाही. म्हणजे कडी तिथे आहे, पण तुमच्या व्हिडिओत ती दिसत नाही. भोळेपणाने कोणी म्हणेल, "इथे ॲक्टिनच नाही."

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये लाइफॲक्ट आलं. यीस्टच्या एका प्रथिनातला फक्त १७ अमिनो आम्लांचा तुकडा, जो आधीच बनलेल्या ॲक्टिनच्या धाग्याला हलकेच चिकटतो. जीएफपी या तुकड्याला जोडायचं, ॲक्टिनला हातही लावायचा नाही. सगळे खूश. जगभर लॅबमध्ये ते पसरलं. मग हळूहळू तक्रारी यायला लागल्या. फळमाशीच्या अंडकोशिकांमध्ये लाइफॲक्ट जास्त प्रमाणात बनवलं तर ॲक्टिनची रचनाच बिघडते, असं २०१४ मध्ये छापून आलं. २०१९ मध्ये मूलपेशींवरच्या कामातही दिसलं की ते जितकं जास्त, तितका पेशीचा आकार आणि वागणं बदलतं. थोडं असेल तर चालतं, भरमसाट झालं की खोटं बोलायला लागतं. आणि अडचण अशी की भरमसाट असतं तेव्हाच फोटो सगळ्यात उजळ येतो.

२०१४ मध्ये आणखी एक पर्याय आला: सर-ॲक्टिन आणि सर-ट्युब्युलिन. जीन बदलायची भानगडच नाही, पेशींवर थेंब टाकायचा की आतले धागे गडद लाल चमकतात. वापरायला सोपं म्हणून लोकप्रिय. पण यातला ॲक्टिनला चिकटणारा भाग ज्यावरून बनवला ते जास्प्लाकिनोलाइड हे समुद्री स्पंजमधलं विष, आणि ट्युब्युलिनला चिकटणारा भाग डोसेटॅक्सेलवरून, म्हणजे टॅक्सॉलचाच भाऊ. दोघंही धाग्यांना घट्ट करणारे. म्हणून हे अगदी कमी मात्रेत वापरायचं असतं. एखादा नवखा विद्यार्थी चित्र फिकट येतंय म्हणून दुप्पट टाकतो आणि नकळत पेशीला औषधच पाजतो.

कमी खूण लावून जास्त कळतं, याचं माझं आवडतं उदाहरण १९९८ चं आहे. क्लेअर वॉटरमन-स्टोरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम इतकं थोडं चमकणारं ट्युब्युलिन पेशीत सोडलं की नळी सलग न दिसता ठिपक्याठिपक्यांची दिसायला लागली. एकसारखा रंगवलेला दोर सरकतोय की जागेवर आहे, ते कळत नाही. त्यावर मध्ये मध्ये गाठी असतील तर लगेच कळतं. हे ठिपके म्हणजे त्या गाठी. फोटो दिसायला गरीब, माहिती मात्र दुप्पट.

रील्समध्ये उल्कांसारखे पळणारे ठिपके दिसतात तेही खुणेच्या निवडीमुळेच. ईबी१ किंवा ईबी३ ही प्रथिनं मायक्रोट्यूब्यूलच्या फक्त वाढत्या टोकावर बसतात. त्यांना जीएफपी लावलं की अख्खी नळी न दिसता फक्त टोकं पळताना दिसतात. नळी कोसळायला लागली की ठिपका विझतो.

प्रकाशाचं बजेट, म्हणजे रोजचा डेटा पॅक

समजा खूण उत्तम लागली. आता लेझर मारायचा. इथे दुसरी ओढाताण सुरू होते. चमकणारा प्रत्येक रेणू ठरावीक संख्येइतकेच फोटॉन देतो आणि मग कायमचा विझतो. याला ब्लीचिंग म्हणतात. विझता विझता तो ऑक्सिजनचे आक्रमक रेणूही तयार करतो, जे पेशीतल्या प्रथिनांना आणि डीएनएला इजा करतात. निळा प्रकाश जास्त त्रासदायक, गडद लाल कमी. पेशी लगेच मरत नाही. आधी तिचं सरकणं मंदावतं, विभागणी अडते, ती आकसून गोल होते. म्हणजे तुम्ही "पेशी कशी सरकते" हे शूट करताय आणि शूटिंगच तिला थांबवतंय.

दिवसाला दीड जीबी मिळतो असं समजा. एक सिनेमा एचडीमध्ये बघा, किंवा पाच सिनेमे कमी क्वालिटीत. फोटॉनचंही तसंच. स्पष्ट चित्र, जास्त फ्रेम्स, जास्त वेळ आणि निरोगी पेशी, हे चारही एकदम मिळत नाही. एक वाढवलं की दुसरं कापावं लागतं.

"मग मोबाईलसारखा नाइट मोड लावा की!" असं वाटेल. नाइट मोड अनेक फ्रेम्स घेऊन एकत्र करतो. पण ॲक्टिनचं जाळं त्या वेळात जागा बदलतं, म्हणजे नाचणाऱ्या माणसाचा नाइट मोडमधला फोटो. म्हणून शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवण्यापेक्षा वाया जाणारा प्रकाश वाचवा. साध्या पद्धतीत एक पातळी बघायची असली तरी लेझर वरपासून खालपर्यंत अख्खी पेशी भाजतो. टर्फ पद्धतीत काचेला लागून असलेला फक्त शे-दोनशे नॅनोमीटरचा थर उजळतात. लाइट शीट पद्धतीत बाजूने प्रकाशाची पातळ पाती घालतात आणि वरून बघतात, जे बघायचं नाही त्यावर प्रकाशच नाही. २००४ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी ही पद्धत जिवंत भ्रूणांवर वापरून दाखवली. २०१४ मध्ये एरिक बेट्झिग यांच्या गटाने आणखी पातळ, जाळीदार पाती बनवली, तिचं नाव लॅटिस लाइट शीट. जिवंत पेशींचे डोळे दिपवणारे अनेक थ्रीडी व्हिडिओ त्यातूनच आलेत.

याच बेट्झिग यांना त्याच वर्षी श्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांच्यासोबत नोबेल मिळालं, पण ते अबेची २०० नॅनोमीटरची मर्यादा ओलांडल्याबद्दल. त्यातलं बेट्झिग यांचं पहिलं यंत्र हॅराल्ड हेस या मित्राच्या दिवाणखान्यात जोडलेलं होतं! या तंत्रांमुळे काय दिसलं, त्याचं एकच उदाहरण देतो. २०१३ मध्ये शियाओवेई झुआंग यांच्या गटाने दाखवलं की चेतापेशीच्या लांब धाग्यात ॲक्टिनच्या कड्या असतात, साधारण १९० नॅनोमीटर अंतरावर, पिंपाच्या पट्ट्यांसारख्या ओळीने. साध्या मायक्रोस्कोपची हद्द जिथे संपते, बरोबर तिथेच हे अंतर पडतं. म्हणून इतकी वर्षं सगळ्यांना तिथे एक सलग धूसर रेघ दिसत होती. दोन वर्षांनी सर-ॲक्टिन वापरून जिवंत चेतापेशीतही त्या कड्या बघितल्या गेल्या. मात्र इतकं बारीक बघायला बहुतेक वेळा कितीतरी जास्त प्रकाश लागतो, म्हणजे डेटा पॅक आणखी लवकर संपतो.

एआयने साफ केलेला फोटो खरा मानायचा का?

२०१८ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी केअर नावाची पद्धत आणली. एकाच नमुन्याचे कमी प्रकाशातले आणि भरपूर प्रकाशातले फोटो दाखवून न्यूरल नेटवर्क शिकवायचं, मग नुसत्या कमी प्रकाशातल्या फोटोवरून ते स्वच्छ चित्र बनवतं. त्यांच्या नमुन्यांत एक चपटकृमी होता, जो लेझर जरा वाढवला की दचकून हलायचा. त्याच्यासाठी तर कमी प्रकाश हाच एकमेव मार्ग. ६० पटींपर्यंत कमी फोटॉन वापरून काम भागलं. बजेटच्या हिशोबाने ही फार मोठी सूट आहे.

पण एक लक्षात घ्या. मोबाईलने काढलेला चंद्राचा फोटो कधी कधी संशयास्पद छान येतो, कारण चंद्र कसा दिसतो ते सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतं. नेटवर्कचंही तसंच. लाखो सरळ धागे बघितलेल्या मॉडेलला धूसर ठिपक्यांत सरळ धागा "दिसू" शकतो, तिथे नसला तरी. निरोगी पेशींवर शिकलेलं मॉडेल आजारी पेशीला लावलं तर ते तिचे तुटके धागे सांधून दाखवेल, आणि आपल्याला नेमकं तेच तुटणं बघायचं असतं. माझ्या मते एआयने साफ केलेल्या चित्राशेजारी मूळ दाणेदार फोटो ठेवलेला नसेल, तर त्यावरून कोणताही दावा मान्य करू नये.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला तर

सगळ्यात आधी कोपऱ्यात वेळ बघा. अनेक पेशी मिनिटाला एक मायक्रॉनही सरकत नाहीत, त्यामुळे दहा सेकंदांच्या रीलमध्ये कित्येक तास कोंबलेले असतात. आडवी पांढरी रेघ असेल तर ती मोजपट्टी. रंगांना फार भाव देऊ नका. संशोधनाचे बहुतेक कॅमेरे ब्लॅक अँड व्हाइट असतात, प्रत्येक फिल्टरमधून वेगळा फोटो काढतात आणि रंग नंतर देतात. सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे खूण कोणती लावली? वर्णनात फॅलॉइडिन किंवा अँटिबॉडी लिहिलं असेल तर पेशी जवळजवळ नक्कीच फिक्स केलेली, म्हणजे मेलेली. लाइफॲक्ट असेल तर तेवढी प्रथिनं नसलेल्या पेशीही तशाच वागतात का, हे तपासलं होतं का? चांगल्या पेपरमध्ये याचं उत्तर असतंच.

आता स्वतः करून बघायचं असेल तर. सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटचं ॲलन सेल एक्सप्लोरर नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यांनी क्रिस्परने पेशीच्या स्वतःच्याच जीनला चमक जोडली आहे, त्यामुळे प्रथिन जादा बनत नाही. वर सांगितलेली भरमसाटपणाची अडचण बरीच कमी होते. ब्राउझरमध्येच थ्रीडी पेशी फिरवता येते, मात्र डेटा थोडा जास्त खातो, वायफाय असेल तर बरं.

लॅपटॉप असेल तर फिजी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. जगभरातल्या लॅबमध्ये हेच वापरतात. फाइल मेनूत "ओपन सॅम्पल्स" आणि त्यात "फ्लुओरेसंट सेल्स" निवडा. समोर येईल तो फोटो तुम्ही शंभर टक्के कुठेतरी बघितलेला असेल: निळी केंद्रकं, हिरव्या मायक्रोट्यूब्यूल, लाल ॲक्टिन. गायीच्या फुफ्फुसधमनीच्या अस्तरातल्या पेशी आहेत या, फिक्स केलेल्या. "जिवंत पेशी" म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या पोस्टमध्येही हाच फोटो लावलेला असतो. इमेज मेनूतल्या "कलर"मध्ये जाऊन "स्प्लिट चॅनल्स" दाबा. तीन वेगळे फोटो उघडतील. हिरवा वाटणारा धागा करड्यात बघा. रंगीत फोटोत न दिसलेले कितीतरी बारीक धागे कडेला दिसायला लागतील.